तुळेचा गूळ

नदीच्या अलीकडे एक गाव होते, पलीकडे महादेवाचे देऊळ, आणि मध्ये पणज्यांच्या काळचा दगडी पूल. एका पुरात त्याची मधली कमान ढासळली. गाव अलीकडे राहिले, देव पलीकडे.

गावात सगुणाबाई नावाची एक व्रतस्थ बाई होती. तिने नवस केला होता, "महादेवा, सून सुखरूप बाळंत होऊ दे, बाळाची गुळाने तुला करीन, त्याच्या वजनाइतका गूळ तुझ्या पायी वाहीन." नातू झाला. पण देवळाची वाट तुटलेली. गुळाच्या ढेपी माजघरात पडून राहिल्या, आणि नातू महिन्यागणिक जड होत चालला. शेजारीण गोदाक्का म्हणायची, "सगुणे, पूल होईस्तोवर मिशा फुटतील त्याला. मग गाडीभर गूळ आण."

शेवटी गावाने श्रमदानाने पूल सांधायचे ठरवले. पडलेले दगड नदीतून वर काढले. गवंडी केरबा म्हणाला, "जुन्या पुलाला जुन्या रीतीचा चुना लागतो. त्यात बेलफळाचा गर आणि गूळ घालतात. बेलफळं आहेत. गूळ द्या."

घरोघरी उत्तर एकच. "गूळ आहे, पण देवाचा आहे." अडलेले नवस सगळ्यांच्याच घरात होते.

सगुणाबाईला काही सुचेना. द्यावा, तर देवाचे चुन्यात जाणार. ठेवावा, तर देवापर्यंत पोचणार कसा? तिने देवापुढे समई लावली. मग सुनेला विचारले. सून म्हणाली, "आत्याबाई, मुंग्या लागल्यात गुळाला."

सकाळी तिने ढेपी नेऊन केरबापुढे ठेवल्या. "बरोबर की चूक, मला ठाऊक नाही बाबा. पण घाल." तिच्यामागून गोदाक्का आली, मग सगळी आळीच आली.

पूल उभा राहिला. पहिल्याच सोमवारी सगुणाबाई नातवाला घेऊन निघाली आणि नव्या कमानीवर थबकली. गूळ तर उरलाच नव्हता. समोरून देवळाचा म्हातारा गुरव आला.

"गुरवबाबा, माझा नवस फिटला की मोडला?"

"बाळाला खाली बसव."

तिने बसवले.

"आता गूळ कुठं आहे?"

"ह्याच्याखाली. चुन्यात."

"मग ह्या तुळेत काय कमी पडलं, बाई?"

सगुणाबाईला पुरते उमगले नाही. पण नातू रांगत देवळाकडे निघाला होता. ती त्याच्यामागून चालू लागली.

तात्पर्य: चौघांची वाट जोडायला दिलेले देवालाच पोचते, मन गोंधळले तरी हात आखडू नये.