भिंगरीच्या घरट्याखालची शाल

फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो. आणि मुलांच्या आजी-आजोबांनो, तुम्हीही ऐका.

उत्तरेला, बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्याशी एक राज्य होते. तिथे एक म्हातारे पंडित राहत. सगळी शास्त्रे त्यांना पाठ होती, म्हणून काहीही ठरवताना त्यांना दोन्ही बाजूंचे आधार आठवत. छत्री न्यावी की नाही, याचा निर्णय होईपर्यंत पाऊस पडून जाई.

त्यांच्या परसात, वळचणीला, भिंगरीने मातीचे घरटे बांधले होते. घरट्यात तीन पिले होती आणि खाली दगडी फरशी. थंडी पडली की भिंगऱ्या दक्षिणेला जातात. तोवर ज्याला उडता येत नाही, ते पिलू गारठून मरते.

एके सकाळी एक पिलू घरट्याच्या काठावर येऊन डुलू लागले. राजाने मानाने दिलेली लोकरीची शाल पंडितांनी आणली आणि घरट्याखाली झोळीसारखी बांधली.

"अहो, दरबारातली शाल ती!" पंडितीणबाई म्हणाल्या. "पाखरं शिटतील तिच्यावर."

"शिटू देत. शाल धुता येते. पिलू गेलं तर पुन्हा आणता येतं का?"



पिले शालीत पडली. पंडितांनी ती अलगद उचलून घरट्यात ठेवली. पिलांना गंमत वाटली. मग ती पंख न उघडताच धपाधप उड्या टाकू लागली.

डोंगरावरून गार वारा सुटला. शेजारच्या घरट्यांतली पिले तळ्यावर घिरट्या घालू लागली.

"आपली मात्र शालीत लोळताहेत," बाई म्हणाल्या. "छान पडायला शिकवलंत हो त्यांना!"

तेवढ्यात भिंगरी भिंतीतल्या खुंटीवर येऊन बसली.

"आजोबा, तुमची शाल फार मऊ आहे. पण आमच्या वाटेवर अशी शाल कुठेच अंथरलेली नाही."

"आणि फरशीवर पडून एखादं मेलं तर?"

भिंगरीने घरट्याकडे पाहिले. "तर मी रडेन. पण इथे राहिली, तर तिन्ही मरतील."

पंडितांनी शालीची एक गाठ सोडली. पुन्हा बांधली. पुन्हा सोडली. बाई मुकाट्याने दुसऱ्या टोकाला गेल्या आणि तिकडच्या गाठी सोडू लागल्या.

सर्वांत धाकट्या पिलाने सवयीने उडी टाकली आणि ते फरशीवर आपटले. पंडित धावणार, तोच बाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. भिंगरी खाली झेपावली आणि हाका मारत पिलाभोवती फिरू लागली. पिलू कण्हले, लंगडत उठले, आणि त्याने पहिल्यांदाच पंख पुरते उघडले. ते उडाले, डगमगले, कुंपणापर्यंत गेले. त्याच्या मागोमाग दोन्ही भावंडे निघाली.

पुढे थवा निघाला, तेव्हा धाकटे जरा मागे होते आणि आई त्याच्या बाजूने उडत होती. मान दुखेपर्यंत पंडित वर बघत राहिले.

"पोचतील ना हो?" बाईंनी विचारले.

या खेपेस पंडितांनी एकाही शास्त्राचा आधार दिला नाही.

"माहीत नाही," ते म्हणाले. "पण निघाली तर खरी."

म्हणून जाणती माणसे सांगतात: आपल्या मनातली भीती पिलांच्या पायाखाली अंथरू नये, मग ती कितीही मऊ असो.