घरी येणारं यंत्र

“...मग पाखरात आणि यात फरक तो काय उरला, उस्ताद?”

मुकुंदानं यंत्र ओट्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला. पहिलटकरणीनं पोर दाखवायला आणावं तसा त्याचा चेहरा झाला होता.

लाडलेशा फकिरानं यंत्राकडे पाहिलं. चार पाय, चार पंखे, पोटाखाली काचेचा एक डोळा. मग त्यानं मुकुंदाकडे पाहिलं.

“चहा घेशील?”

मुकुंदाला चहा नको होता. त्याला उत्तर हवं होतं, आणि तेही स्वतःच्या मनासारखं.

मुकुंद निटुरे हा या फकिराचा जुना शागीर्द. गावातल्या वकिलाचा मुलगा, पण शाळा बुडवून तकियावर, फकिराच्या मठीवर, यायचा. लाडलेशाच्या हाताखाली कबुतरं उडवायला शिकला. त्यापायी बापाचा मार खायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. पुढे इंजिनिअर झाला, पुण्यात स्थिरावला, आणि आता उडती यंत्रं बनवायचा कारखाना चालवत होता. लोक त्याला भाषणाला बोलवत. भाषणाला बोलावणी येऊ लागली की माणसाला न विचारलेलंही सांगायची सवय लागते.

“पहिलं यंत्र वाऱ्यात पडलं, उस्ताद. दुसरं उडालं, पण भिंतीला धडकलं. पडलं ते सोडलं. टिकलं ते ठेवलं, त्यात थोडा बदल केला, पुन्हा उडवलं. निसर्ग तरी याहून वेगळं काय करतो? त्याला लाखो वर्षं लागली. आम्ही एवढ्यात केलं.”

“पडलेली कुठं आहेत?”

“कोण?”

“यंत्रं. पडलेली.”

“कपाटात. आम्ही टाकून नाही देत काही. याचे हे पंखे त्या पहिल्याचेच आहेत. मधे सोडून दिले होते, नंतर कळलं की तेच बरे होते.”

लाडलेशा हसला. तोंडात दात फारसे उरले नव्हते, पण हसण्यात कंजूषपणा नव्हता.

“बरंय बेटा तुमचं. आमच्यात गेलेलं कपाटात राहत नाही.”

मुकुंदाला वाटलं, म्हाताऱ्याचं हे नेहमीचंच. तो पुढे बोलणार तेवढ्यात फकिरानं मागच्या ढाबळीकडे बोट केलं. जाळीआड कबुतरांची पोरसवदा जोडपी घुमत होती.

“यांना कोणी घडवलं रे?”

“माणसानंच. चांगली चांगली निवडून...”

“मी नाही निवडली. माझ्या बापानंही नाही. टोपलीत घालायची, लांब न्यायची, सोडायची. जे आलं त्याची पिल्लं झाली. जे नाही आलं...”

त्यानं मोकळा हात हवेत फिरवला.

“न आलेल्यांनी घडवलं यांना, मुकुंदा. आलेल्यांनी नाही.”

मुकुंदानं यंत्राचा एक पंखा उगाच बोटानं फिरवला.

खरं सांगायचं तर तो यंत्राची शेखी मिरवायला आला नव्हता. यंत्र हे निमित्त होतं. आत एक काटा सलत होता, आणि तो काढायचा तर कुणीतरी आधी ‘तू हुशार आहेस’ म्हणायला हवं होतं. हुशार माणसाची चूक लोक लवकर माफ करतात, असा त्याचा समज.

गोष्ट गेल्या वर्षीची. किल्ल्याच्या पायथ्याचा जुना तकिया मोठ्या रस्त्यात गेला. त्या रस्त्याची मोजणी मुकुंदाच्याच यंत्रांनी वरून केली होती. सगळे उठले, लाडलेशा उठेना. तहसीलदार आले, पुढारी आले, मशिदीचे बडे लोक आले. फकीर आपला पाखरांत बसून. शेवटी कुणीतरी मुकुंदाला बोलावून घेतलं. शागिर्दाचं ऐकेल म्हणून.

“कोसभर तर जायचंय, उस्ताद,” मुकुंद तेव्हा म्हणाला होता. “मी पक्की ढाबळ बांधून देतो. महिनाभर पाखरं कोंडून ठेवा, नव्या जागेची ओळख होईल. मग सोडा.”

“मोठी पाखरं शिकत नसतात. तुला ठाऊक आहे.”

“शिकतील. मी सांगतो ना.”

कबुतरवाल्यांच्या घरातलं शेंबडं पोरही अशी चूक करणार नाही. पाखरू पहिल्यांदा ज्या छपरावरून उठतं, ते छप्पर त्याच्या हाडांत बसतं. ढाबळ हलवली की मोठी पाखरं जन्मभर जाळीआड ठेवायची आणि नव्या जागी निघालेली पिल्लं तेवढी उडवायची, ही यांची रीत. मुकुंदालाही लहानपणी ती पाठ होती. पण माणूस मोठा झाला की लहानपणी शिकलेलं त्याला लहानच वाटायला लागतं.

आणि लाडलेशानं शागिर्दाचा शब्द खाली पडू दिला नाही. त्यानं महिनाभरानं जाळी उघडली.

पाखरं उठली, एक गिरकी घेतली आणि सरळ किल्ल्याकडे गेली. तिथं ना ढाबळ, ना भिंत, ना झाड; अडून राहिलेला तेवढा तुकडाही महिन्याभरात डांबरी झाला होता. दिवसभर ती रिकाम्या जागेवर घिरट्या घालत राहिली आणि थकली तशी खाली डांबरावर बसली. डांबरावरून ट्रक जात होते. फकीर काठीला फडकं बांधून रस्त्याच्या मधोमध धावत होता म्हणतात. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते आणि शिव्या देत होते.

हे सगळं, आणि जुन्यांतली सुरमी नावाची एक मादी तेवढी उरलीय हेही, मुकुंदाला दुसऱ्यांकडून कळलं. लाडलेशानं कधी एक शब्द काढला नाही. त्या न काढलेल्या शब्दाची मुकुंदाला अशी धास्ती बसली की वर्षभर तो गावाकडे फिरकला नाही.

आज आला होता.

“आणि याचं घर कुठं?” लाडलेशानं विचारलं. तो अजून यंत्राकडेच बघत होता.

मुकुंदाला हायसं वाटलं. प्रश्न त्याच्या आवडीचा होता.

“जिथं सांगू तिथं. बघा.”

त्यानं यंत्र उडवलं. ते घूं करत लिंबाच्या वर गेलं, पार दिसेनासं झालं. मुकुंदानं मोबाइलवर एकदा बोट ठेवलं. यंत्र वळलं, आलं, आणि उठलं होतं नेमकं त्याच जागी ओट्यावर बसलं.

“हे झालं एक घर. आता ते विहिरीजवळचं समजा.”

पुन्हा बोट ठेवलं. यंत्र पुन्हा वर गेलं, फिरलं आणि या वेळी विहिरीच्या कठड्याशी उतरलं.

“आता हे त्याचं घर.”

“आणि ओट्यावरचं?”

“विसरलं.”

“एवढ्यात?”

“एवढ्यात.”

लाडलेशा गुडघ्यावर हात देऊन उठला, ढाबळीच्या कडेला वेगळा खण होता त्यात हात घातला आणि एक मादी बाहेर काढली. राखाडी, मानेवर सुरम्याची झाक. नाव सुरमी. गेल्या वर्षी पंखाला जखम होती म्हणून तिला सोडलं नव्हतं. जुन्या तकियातली तेवढी एकच उरली होती.

त्यानं ती मुकुंदाच्या ओंजळीत ठेवली.

“हिला सांग.”

...

मुकुंद ओंजळीकडे बघत राहिला. पिसांखाली ते एवढंसं काळीज धडधडत होतं. तोंड मात्र तिनं वळवून घेतलं होतं, किल्ल्याच्या बाजूला.

“माणसाला निरोप धाडायचे होते,” लाडलेशा हळू आवाजात म्हणाला. “म्हणून यांच्यात ही ओढ वाढवली. बापजाद्यांनी वाढवली. मग तार आली, फोन आला. काम गेलं... ओढ कुठं जाणार?”

“उस्ताद, त्यासाठीच आलोय मी.”

आणि मुकुंदानं एकदाचं पोटातलं ओकून टाकलं. चुकलेलं पाखरू उडत्या थव्याच्या मागं खाली उतरतं, हे तुम्हीच शिकवलंत. तुमची पिल्लं पाठवली तर तीच रस्त्यावर जातील. यंत्राला रस्त्याचं भय नाही. ते सुरमीच्या मागं जाईल, मग तिच्या पुढं होईल, तिला वळवेल. तुमची शिट्टीही भरलीय त्यात, जुनी, मी पोरपणी टेपवर घेतलेली. तिला इथवर आणीन. एकदा आली, दोनदा आली की शिकेल.

“नाही येणार.”

“येईल, उस्ताद. मी...”

‘मी सांगतो ना’ हे शब्द त्याच्या ओठांवर आले आणि तिथंच अडकले. हेच तर गेल्या वर्षी म्हटलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. मादी परत द्यावी आणि निघून जावं असं वाटलं.

लाडलेशानं ती परत घेतली नाही.

“वर्ष झालं कोंडून,” तो म्हणाला. “दाणा खाते, पाणी पिते. तोंड रोज तिकडंच. मी जगवली तिला... पण हे जगणं नाही बेटा. सोडावी म्हणतो, तर हात धजत नाही. ती रस्त्यावरची सगळी दिसतात.”

त्यानं मान फिरवली.

“तू सोडतोस तर सोड.”

दिवस कलायला आला होता. मुकुंदानं यंत्र वर चढवलं आणि ओंजळ उघडली.

सुरमी उठली. तिनं गिरकीसुद्धा घेतली नाही. वर्षभर ज्या बाजूला बघत होती त्या बाजूला सुटली. यंत्र तिच्या मागं गेलं. मुकुंद ओट्यावर हातातल्या पडद्यात डोळे घालून बसला. लाडलेशानं पडद्याकडे बघितलंही नाही. तो आत जाऊन ज्वारीची वाटी घेऊन आला आणि अंगणात आभाळाकडे तोंड करून उभा राहिला.

पडद्यावर रस्ता आला. काळा, रुंद, दोन्ही बाजूंनी गाड्यांचा लोंढा.

सुरमी त्याच्यावर फिरू लागली. फिरता फिरता खाली आली, आणि मधेच थांबली. मुकुंदाला आधी कळेना. ती पाय पुढं सोडत होती, शेपूट पसरत होती, पंख फडफडवत होती, जसं पाखरू उतरताना करतं. खाली काही नव्हतं. ती घसरली, सावरली, पुन्हा वर गेली. फिरून पुन्हा तिथंच आली. पुन्हा पाय सोडले.

जुन्या ढाबळीचं छप्पर त्या उंचीला होतं. मुकुंदानं लहानपणी त्या छपरावर किती दुपारी काढल्या होत्या.

त्यानं शिट्टी लावली. तीस वर्षांमागच्या लाडलेशाची, भरल्या छातीची. सुरमीनं मान वळवली नाही. त्यानं यंत्र पुढं घेतलं, तशी ती बिचकून बाजूला झाली आणि लांबून वळून पुन्हा त्याच जागी आली.

“अगं, नाहीये तिथं काही...”

मुकुंद पडद्याशी बोलत होता.

“उस्ताद, तिथं काही नाहीये.”

“तुला नाही,” लाडलेशा म्हणाला.

पडद्याच्या कोपऱ्यात लाल खूण लुकलुकली. यंत्राची ताकद संपत आली होती. अशा वेळी ते कुणाला विचारत नाही, आपलं आपण मागं फिरतं. मुकुंदानंच ते तसं बनवलं होतं आणि भाषणांतून त्याचं कौतुक सांगितलं होतं. आता तो बटणं दाबत होता, थांब म्हणत होता, आणखी थोडं म्हणत होता. यंत्र वळलं. पडद्यात सुरमी लहान होत गेली. एका ठिपक्याएवढी झाली, तरी फडफडताना दिसत होती. रस्त्यावरचे दिवे लागले आणि मग ती दिसेना.

थोड्या वेळानं अंगणावर घूं घूं ऐकू आलं. यंत्र आलं. जराही इकडेतिकडे न होता विहिरीच्या कठड्याशी टेकलं. पंखे फिरायचे थांबले.

लाडलेशा आभाळाकडे बघतच होता. त्याच्या हातातली वाटी तशीच वर धरलेली होती.

मुकुंदानं वाट बघितली. फकिरानं वाट बघितली. ढाबळीतली पिल्लं घुमायची थांबली आणि पंखांत चोची घालून गप्प झाली. लिंबाचा शेंडा अंधारात मिसळला.

“माझं चुकलं, उस्ताद,” मुकुंद म्हणाला. “तेव्हाही... आणि आज पुन्हा.”

हे शब्द त्यानं वर्षभर मनात घोळवले होते. वाटलं होतं, बोललो की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही.

लाडलेशानं हात खाली घेतला. सावकाश चालत तो मुकुंदापाशी आला. रागावल्यासारखा दिसत नव्हता. नुसता दमलेला दिसत होता. त्यानं ज्वारीची वाटी मुकुंदाच्या हातात दिली आणि विहिरीकडे मान केली.

“तुझं आलं ना घरी...” तो म्हणाला. “टाक त्याला दाणे.”