पोटात भुंकणारं डुक्कर

एक होता राजा. पण त्याला सोडा, तो गोष्ट सुरू व्हायच्या आधीच घाबरून माळ्यावर चढून बसला होता. आपली गोष्ट त्याच्या घरजावयाची. जावयाचं नाव गोंदाजी. इंदे, हसू नकोस, तुझा आजाही घरजावईच होता. भिका, तू भिंतीकडे सरक, आणि ठकीला मध्ये घ्या. पांघरूण एकच आहे आणि गोष्ट भीतीची आहे.

तर त्या राजाच्या रानात होतं एक डुक्कर. केवढं? आपल्या गोठ्याएवढं. सुळे विळ्यासारखे. पण सुळ्यांचं काय एवढं नाही, खरं भय होतं त्याच्या पोटाचं. ते डुक्कर कुत्री गिळायचं. अख्खीच्या अख्खी, गळ्यातल्या घुंगरांसकट. आणि गिळलेली कुत्री मरायची नाहीत, बरं का. आत बसून भुंकायची. भर दुपारी रान गप्प असायचं, पान हलायचं नाही, आणि उंच गवतातनं वीस कुत्र्यांचं भुंकणं एकटंच चालत चालत जवळ यायचं.

मग राजाचे शिकारी गेले. ह्या एवढाल्या मिशा! त्यांनी कुत्री गवतात सोडली आणि धनुष्य ताणून उभे राहिले. गवत हललं की सोड बाण. भुंकणं आलं की सोड बाण. बाण लागायचा कुणाला? आपल्याच कुत्र्याला. ते बिचारं लंगडायला लागलं की डुकराला आयतंच. गट्ट! मग शिकारी रिकामी साखळी हातात घेऊन, मिशा खाली पाडून घरी.

असं करता करता गावातली कुत्री संपली. उरली तीन. काळी, भुरी आणि तांबू. ती होती राजाच्या लेकीची, राहीची. कापसाच्या वातीनं दूध पाजून वाढवलेली. आणि ही तीनही संपली तर मग डुक्कर कुणाला खाणार? मी नाही सांगत. ठकीएवढी पोरं त्याला फार गोड लागायची म्हणतात.

राजानं माळ्यावरनं मुंडकं बाहेर काढलं. "जावईबापू, आता तुम्हीच उरलात."

"मी? मामासाहेब, मी आजवर भाताच्या मुदीशिवाय कशावर नेम धरला नाही!"

"मग आज धरा," म्हणाला राजा, आणि मुंडकं आत.

राहीनं नवऱ्याच्या डोक्याला लालभडक मुंडासं बांधलं, म्हणजे दुसऱ्या कुणी त्यालाच डुक्कर समजून मारायला नको. हातात धनुष्य दिलं, खांद्यावर तीन दोऱ्या टाकल्या. म्हणाली, "अहो, नेम शिकवायला आता वेळ नाही. आमच्या आजोळची एक रीत आहे, तेवढी पाळा. कुत्री सुटी, तर बाण भात्यात. कुत्री बुंध्याला, मगच बाण दोरीला. कुत्र्यांना माग काढू द्या. डुक्कर उठलं की हाका मारा, तिघांना झाडाला बांधा. आणि जनावर धडधडीत डोळ्यांना दिसलं तरच सोडा."

"आणि एखादं परत आलंच नाही तर?"

राही दाराआड झाली.

मग गोंदाजी निघाला. गवताच्या कडेला एक मोठं ऐनाचं झाड होतं, त्याला पाठ लावून उभा राहिला. कुत्री सोडली. ती गेली गवतात. घुंगरं छुन छुन, छुन छुन... आणि एकदम बंद.

मग आलं ते भुंकणं. वीस कुत्र्यांचं.

"काळ्ये! भुऱ्ये! तांबू! या रे या!"

समोरचं गवत हललं. जवळ आलं. काळं काहीतरी दिसलं. गोंदाजीचा हात आपोआप भात्यावर गेला. दोन बोटांत बाण धरलासुद्धा. पण राहीचं तोंड आठवलं, आणि हात तिथंच थिजला. गवतातनं बाहेर आली काळी! जीभ लोंबतेय, शेपूट हलतंय. बाण सोडला असता तर? त्यानं तिला बुंध्याला बांधलं.

मग पुन्हा गवत हललं. या वेळी पांढरं काहीतरी चमकलं. सुळाच! हात गेला भात्यावर. पण भुरी सुटी, तांबू सुटा. त्यानं मूठ गच्च आवळली. आणि गवतातनं निघाली एक म्हातारी, पांढऱ्या केसांची, बोचकं घेतलेली.

"अरे मेल्या, बाण मारतोस मला? आणि ही तुझी भवानी, माझी भाकर खाऊन वर माझ्यावरच गुरगुरतेय! धर हिला!"

मागे भुरी, मिशांना भाकरीचे कण. गोंदाजीनं तिलाही बांधलं. म्हातारी तरातरा झाडावर चढली. हो, चढली! भीतीला वय नसतं.

राहिला तांबू.

"तांबूऽऽ!"

गवतातनं उत्तर आलं. भुंकणं थेट तांबूचं. तांबूचंच ते बारीक कुईं कुईं. गोंदाजीला घाम फुटला. डुकरानं तांबूला गिळलं? की तांबू डुकराच्या पुढ्यात उभा राहून भुंकतोय? कळेना. गवत झाडाभोवती फिरायला लागलं. एक फेरा. दुसरा आणखी जवळून. घाणेरडा ऊन वास नाकात शिरला. वरनं म्हातारी ओरडली, "सोड की बाण! खातंय बघ आपल्याला!"

"नाही आजी! माझं एक कुत्रं सुटं आहे!"

"अरे, तू मरशील!"

"मरेन. पण राहीला काय सांगू?"

तिसरा फेरा. गवत दोन हातांवर. गोंदाजी उभा, बाण भात्यात, डोळे घट्ट मिटलेले...

आणि त्याच्या तळहाताला लागलं ओलं, गार, लिबलिबीत काहीतरी!

भिका, ओरडू नकोस! नाक होतं ते. तांबूचं. लेकाचा गवतात गेलाच नव्हता. झाडामागच्या ढोलीत शेपूट पायांत घालून बसला होता, आणि त्याचंच कुईं कुईं गोंदाजीला गवतातनं आल्यासारखं वाटलं होतं. जसा धनी, तसं कुत्रं!

गोंदाजीनं त्याला बांधलं. तिन्ही दोऱ्या चाचपल्या. काळी, भुरी, तांबू. आता गवतात भुंकतंय ते माझं नाही. त्यानं बाण काढला, दोरीला लावला, आणि थांबला. गवत फाटलं. सुळे, लाल डोळे, जबडा, सगळं धडधडीत समोर. मग सोडला. नेम धरला होता कपाळावर, लागला खांद्यामागं. पहिल्यांदाच ना! पण काळीज तिथंच असतं.

डुक्कर कोसळलं आणि जबडा उघडला. मग छुन छुन, छुन छुन, एकेक कुत्रं अंग झाडत बाहेर! कुणाच्या मांडीत बाणाचं टोक होतं, कुणाच्या पाठीत. मिशीवाल्या शिकाऱ्यांनी धावत येऊन आपापली टोकं ओळखली, माना खाली घालून काढली, आणि कुत्र्यांचे पाय चेपत बसले. राजा माळ्यावरनं उतरला. म्हणाला, "मी वरून लक्ष ठेवून होतो." राहीनं आधी तांबूला पोटाशी धरलं, आणि मग नवऱ्याला. सगळे सुखात राहिले. म्हातारी तेवढी अजून भाकर मागत फिरते.

चला, आता दिवा घालवते. पण आमचीही तीच रीत. सगळे हाताशी, मगच अंधार. हा भिका. ही इंदी. आणि ठकी...

ठकी कुठाय?

अगं बाई! माझ्या तळहाताला हे ओलं, गार, लिबलिबीत काय लागलं?

हात्तिच्या, नाक पूस ठके. सगळे आहेत. फूऽऽ. झोपा.