रेवूचं एकच मागणं

लिंबोणीच्या बागेला लागून, जिथे फुलपाखरांनासुद्धा दुपारी डुलकी लागते, तिथे एका इवल्याशा घरात रेवू राहायची. बाबा दूरगावी कामाला. घरात पैसा कमी आणि आईचं, इंदूचं, मन कोमेजलेलं. चूल पेटायची, भाकरी व्हायची, पण बोलणं नाही की हसणं नाही.

रेवू तशी मायाळू. आपल्यातली अर्धी भाकरी चिमण्यांना घालायची. पण राग आला की भांडी आपटायची, चावायची, शाळेतून पळून यायची. "कार्टी आहे नुसती!" सगळे म्हणायचे. मग एकाएकी ती गप्पच झाली. लोक म्हणाले, "सुधारली हो!" मी शेजारीण, माझं लक्ष सगळीकडे. मला काही ते खरं वाटेना. सुधारलेलं पोर खाऊ मागतं, हिला काहीच नको असायचं.

एका सकाळी रेवू लिंबोणीखाली बसली होती. पांढऱ्याशुभ्र फुलातून टुणकन परी उतरली. बोटाएवढी! मोरपंखी पंख, केशरी झगा, पायात दवाचे पैंजण.

"एक मागणं माग, सोनुल्या. पण नियम आहेत हं. स्वतःला बदलून मागायचं नाही. आणि कुणाचं मन बदलून मागायचं नाही."

रेवूचे डोळे भरले. "मग काय मागू? मी वाईट आहे म्हणून आई रडते. मला चांगली कर, एवढंच मागणार होते."

"वेडाबाई! आईचं मन आजारी आहे. ते तुझ्यामुळे नाही गं. आणि ती कोमेजली म्हणून तूही कोमेजलीस."

बाहुली नको, फ्रॉक नको. रेवू हळूच म्हणाली, "मग आईशी कुणीतरी बोलू दे."

परीनं पंख झटकले. सोनेरी भुकटी भिरभिरत थेट माझ्या खिडकीत! मला अशी काही चुटपुट लागली, की पिठाच्या हातानंच मी त्यांचं दार वाजवलं.

"इंदू, उघड गं!"

"काकू, तुम्ही मागे शिरा दिला होतात ना, ती वाटी माझ्याकडेच आहे," आतून आवाज आला. "पण त्यात घालायला घरात काही नाही. रिकामी कशी परत करू?"

अगं बाई! चार महिने ही दाराआड लपली, ती एवढ्यासाठी! आणि मी आळीभर सांगत होते, इंदू शिष्ट झाली म्हणून.

"आग लागो त्या वाटीला! तू बाहेर ये."

दार उघडलं. इंदू माझ्या खांद्यावर पोटभर रडली. दुसऱ्या दिवशी दोघींना मी मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मग रोजच जाऊन बसू लागले. जादूनं होतं तसं झटपट काही झालं नाही. इंदू एक दिवस बरी, दोन दिवस उदास.

पण एका रविवारी ती अंगणात रेवूची वेणी घालत होती.

"आईऽऽ! केस उपटतेस का!" रेवू अशी किंचाळली, की झाडावरचे पोपट भुर्रकन उडाले.

आणि इंदू हसली. खळखळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

फांदीवर परीनं इवलासा हात हलवला. चमचम, झगमग, आणि ती कोवळ्या उन्हात विरून गेली.

रेवूला तिच्याकडे बघायला वेळच नव्हता. ती आईच्या तोंडाकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "अजून एकदा ओढ ना!"