खरवडलेला शेंदूर

"ह्यो न्हवं आमचा देव," येसूबाबा गुरव म्हणाले. "आमचा तांबडा हुता."

टेम्पोतून उतरवलेला दगड चौघांनी नुकताच वेशीजवळच्या ओट्यावर टेकवला होता. चाळीस वर्षं हा ओटा रिकामा होता. पण रोज झाडलेला होता.

प्रोफेसर निमकर हसले. इतकी वर्षं पोरांना शिकवलं, या म्हाताऱ्याला शिकवायला कितीसा वेळ लागतोय, असं त्यांना वाटलं.

"बाबा, हाच तो. तांबडा होता तो वरचा शेंदूर. आम्ही तो काढला, तेव्हा आत हा सापडला."

बाबांनी दगडाभोवती सावकाश एक फेरी घातली. काळाशार दगड, घासूनपुसून लख्ख केलेला.

"साबण लावला व्हय देवाला?"

"औषध लावलं, बाबा."

"का? दुखत हुतं त्याला?"



तरुणपणी निमकर म्युझियमचे मोठे साहेब होते. सरकारी कागद दाखवून त्यांनीच हा दगड इथून नेला होता. शेंदराखाली जुन्या अक्षरांतल्या पाच ओळी निघाल्या. त्यांचा अर्थ त्यांनी लावला, आणि त्यांचं नाव झालं. पाच ओळींवर पुस्तक झालं, पुस्तकावर विद्यापीठातली खुर्ची मिळाली. पुढं वीस वर्षं पोरांना त्याच ओळी शिकवल्या. पेन्शनीत निघाल्यावर मात्र हा रिकामा ओटा डोळ्यांपुढं येऊ लागला. दोन वर्षं अर्ज करकरून त्यांनी दगड सोडवून आणला. गावानं तो ठेवून घ्यावा, म्हणजे आपण सुटलो, एवढंच त्यांना आता हवं होतं.

"शेंदूर किती निगाला?" बाबांनी विचारलं.

"चार बोटं जाड. तीनशे वर्षांचा तरी असेल."

"त्याचं काय केलं?"

"...टाकून दिला."

"माझ्या आज्याचा हात हुता त्यात," बाबा म्हणाले. आज ऊन जास्त आहे म्हणावं, तसं म्हणाले.

निमकरांनी मान खाली घातली. "चुकलं माझं. म्हणून तर घेऊन आलोय. ठेवून घ्या, बाबा. नाही म्हणू नका."

बाबा शेजारच्या आपल्या घरात गेले. शेंदराची वाटी घेऊन आले. शेंदरात तेल ओतलं, बोटानं कालवत बसले. कालवणं काही संपेना.

"ठेवून घेतो," शेवटी ते म्हणाले.

निमकरांचा जीव भांड्यात पडला.

बाबांनी वरून सुरुवात केली. दगडाचा माथा तांबडा झाला. दोन्ही कडा झाल्या. मग शेंदराचा तळहात खाली सरकला, पहिल्या ओळीकडे...

निमकरांचा हात आपसूक पुढं झाला आणि अक्षरांवर आडवा पडला.

"बाबा... तेवढ्या पाच ओळी सोडा."

बाबांचा हात थांबला. तो मागं आला नाही, पुढंही गेला नाही. शेंदराचं तेल निमकरांच्या बोटांवर ठिबकत राहिलं.

"सायेब," बाबा हळूच म्हणाले, "तुमी देव द्यायला आलाय, का न्यायला?"