राहिलेली सही
साखर कारखान्याचे चेअरमन रावसाहेब थोरबोले नातीला घेऊन तिच्या प्रवेशाला आले, ते तिला गोवराच्या लसीतून सूट मिळावी म्हणून पाच वजनदार पत्रं घेऊनच. लसीशिवाय प्रवेश नाही, हा शाळेचा नियम. आणि रावसाहेबांना नाही म्हटलं तर बदली ठरलेली. तरी मुख्याध्यापिका कुमुदबाईंनी पत्रं शांतपणे वाचली.

"कागद चोख आहेत. फक्त एक सही राहिलीय."

"कुणाची? संध्याकाळपर्यंत आणतो."

"गोवराची. मी सूट देईन हो, पण त्यानंही द्यायला हवी ना?"

रावसाहेबांच्या सेक्रेटरीनं सवयीनं वही उघडून विचारलं, "हे साहेब कुठल्या ऑफिसात बसतात?"

रावसाहेबांनाच हसू फुटलं. शाळेत लस द्यायला आलेल्या नर्सबाईंसमोर नातीची बाही त्यांनी स्वतः वर केली.