तडकलेला बांबू

फार पूर्वी एका गावात देवळाच्या शिखराला चुना लावण्यासाठी बांबूंची परांची बांधली होती. तिच्यातला एक उभा बांबू खाली तडकला होता. तड्यावर चुन्याचा ओघळ वाळल्यामुळे तो कुणालाच दिसत नव्हता.

"गप्प राहा हो, दादा," त्याला बांधलेली दोरी म्हणाली. "कळलं तर चुलीत घालतील तुम्हाला."

भिवाजी गवंडी रोज चढण्याआधी एकेक बांबू हातोडीने वाजवून बघायचा. त्या दिवशी मात्र घाई होती. "कालच तर वाजवलेत!" म्हणत त्याने घमेलं उचललं आणि परांचीवर पाय ठेवला.

बांबूला वाटलं, चुलीत गेलो तर मी एकटाच जाईन. पण हा वरून पडला तर घरची चार माणसं रडतील. तो जोर लावून करकरला.

भिवाजी झटकन उतरला. चुना खरवडताच तडा दिसला. "वाचवलंस रे बाबा!" म्हणत त्याने घमेलं खाली ठेवलं.

मग त्याने तिथे नवा बांबू उभा केला आणि जुन्याचा चांगला तुकडा कापून तो त्याच दोरीने परांचीलाच टेकू म्हणून बांधला.

"दादा," दोरी हळूच म्हणाली, "माझाही एक पदर तुटलाय. सांगू का?"

"अगं, विचारतेस काय? सांग लवकर, तो चढायच्या आत!"